लाल चौकड्यांचे काफ्तान घेऊन गोव्यात

इचलकरंजीहून कोल्हापूर, आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी आणि मग म्हापसा. रस्ता ओळखीचाच. कापडाच्या कामासाठी जाणार असाल तर पावसाळा टाळा, किनाऱ्यावरची बरीच दुकानं तेव्हा बंद असतात. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारामुळे शहरात गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा भेटीची वेळ शुक्रवार सोडून घ्या. सॅम्पल विकायची नसली तरी डिलिव्हरी चलान (विक्रीशिवाय माल नेण्याचा कागद) सोबत असू द्या.

आमच्या पिशवीत खरेदीदाराला दाखवायचे, लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या सुती कापडाचे काफ्तान (सैलसर झगे) होते. चौकडा गोव्याच्या हातमागावरच्या कुणबी लुगड्याची आठवण करून देणारा, पण कापड पॉवरलूमचं. त्यामुळे त्याला कुणबी म्हणून विकणं मला पटत नाही. हातमागवाल्यांच्या पोटावर पाय कशाला द्यायचा?

भेट होती उत्तर गोव्यातल्या आश्वे किनाऱ्यावर दुकान चालवणाऱ्या एका फ्रेंच बाईंशी. गोव्यातला हंगाम संपला की उरलेला माल त्या फ्रान्सला नेतात. वॉश फास्टनेसचा, म्हणजे धुण्यात रंग किती टिकतो याचा रिपोर्ट त्यांनी बघितला न बघितला केला आणि पहिलाच प्रश्न टाकला, समुद्राच्या पाण्याचं काय? बरोबर आहे. काफ्तान ओल्या पोहण्याच्या कपड्यांवर घालतात, मशीनमध्ये जाईपर्यंत ते घाम, खारं पाणी आणि ऊन सोसून झालेलं असतं.

समुद्राच्या पाण्यासाठी आयएसओ १०५-ई०२ ही आंतरराष्ट्रीय टेस्ट आहे. लिटरला ३० ग्रॅम मिठाच्या पाण्यात कापड भिजवतात आणि दाबाखाली ३७ अंशांवर ४ तास ठेवतात. शेजारी लावलेल्या पांढऱ्या कापडावर किती रंग चढला, ते ग्रे स्केलवर (तुलनेच्या करड्या पट्टीवर) १ ते ५ मध्ये मोजतात, ५ म्हणजे डाग नाही. याच मालिकेत घामासाठी ई०४, स्विमिंग पूलच्या क्लोरीनसाठी ई०३, उन्हासाठी बी०२. बी०२ चा ग्रेड मात्र १ ते ८ असतो. कोणी '५ आला' म्हणालं तर आधी कोणत्या टेस्टचा ते विचारा, कारण उन्हात ५ म्हणजे मध्यम आणि घामात ५ म्हणजे उत्तम.

खरी अडचण ओल्या घासाईची, म्हणजे ओल्या फडक्याने घासल्यावर रंग सुटण्याची. गडद लाल, नेव्ही, काळा हे रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक बंध जोडणारे) रंग कोरड्या रबिंगला, म्हणजे घासाईला, सहज ४ देतात, ओल्याला मात्र २-३ वर अडकतात. म्हापशात सावंतवाडीकडचे एक शिंपी मास्तर भेटले. त्यांनी ओला रुमाल कापडावर घासून दाखवला आणि म्हणाले, "तुमी लॅबला पाठवा बापडे, माका हयच कळता." गुलाबी डाग आलाच. म्हणून खरेदीदार ओल्याला ४ मागत असेल तर ऑर्डर घेतानाच बोलून घ्या, माल शिवून झाल्यावर नव्हे.

युरोपात अझो रंगांचा नियम कडक आहे. काही अझो रंग तुटून घातक अमाइन रसायनं निघतात, त्यातल्या बंदी असलेल्या अमाइनचं प्रमाण किलोला ३० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. भारतातही असे रंग १९९७ पासून बंद आहेत, तरी स्वस्त लाल डायरेक्ट डाय (सुतावर थेट चढणारा रंग) कुठून आला याची चौकशी प्रोसेस हाऊसकडे (कापड रंगवणाऱ्या कारखान्याकडे) कराच. सूत ओएको-टेक्सचं (घातक रसायनं तपासल्याच्या प्रमाणपत्राचं) आहे म्हणून रंगवलेलं, छापलेलं, बटणं लावलेलं काफ्तान आपोआप पास होत नाही. अमेरिकेला पाठवणार असाल तर ज्वलनशीलतेचा नियम बघा. चौरस मीटरला ८८ ग्रॅमपेक्षा हलक्या मलमलीला टेस्ट लागते, त्याहून जड साध्या कापडाला सूट मिळते.

गोव्याच्या दमट हवेत सॅम्पल खोलीत टांगून ठेवू नका, बुरशी धरते. २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत कापड स्थिर करण्याचं काम लॅब करते, तुम्ही फक्त ते कोरडं ठेवा. कोणत्या लॅबचा रिपोर्ट चालेल हे खरेदीदारालाच विचारा. मुंबईत प्रभादेवीला टेक्सटाइल्स कमिटी आहे, पण काही खरेदीदारांना त्यांनीच ठरवलेली लॅब लागते. लॅब डिप (रंग ठरवायला रंगवलेला छोटा तुकडा) पाठवू नका, प्रत्यक्ष लॉटमधून पूर्ण पन्ह्याचं कापड काढून पाठवा आणि त्याच थानाचा एक तुकडा स्वतःकडे ठेवा. लॅबच्या फॉर्मवर माल जाणार तो देश, टेस्टची पद्धत आणि हवा तो ग्रेड लिहा.