क्रेग फॅड्रिगच्या तटावर उन्मळलेला पाइन

मी स्कॉटलंडमध्ये झाडं उतरवायचं काम करतो, म्हणजे धोकादायक झालेलं झाड दोर लावून तुकड्यातुकड्याने खाली आणायचं, आजूबाजूचं काही मोडू न देता. घरावर कललेली, रस्त्यावर पडलेली, विजेच्या तारांत अडकलेली झाडं रोजचीच, पण त्या जानेवारीत वादळ झाल्यावर आम्हाला क्रेग फॅड्रिगवर बोलावलं आणि तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो.

क्रेग फॅड्रिग म्हणजे इन्व्हर्नेस शहराच्या पश्चिमेची टेकडी, उंची फक्त 172 मीटर, पण पूर्ण जंगलाने झाकलेली, आणि त्या झाडांच्या आत माथ्यावर किल्ला आहे. आपल्याकडच्यासारखे बुरूज, दरवाजे असलं काही दिसत नाही, गवत नि शेवाळाखाली दोन तटांचे उंचवटे राहिलेत फक्त, आतली जागा साधारण 75 बाय 23 मीटर. पहिला तट ख्रिस्तपूर्व काळातला, दगडांच्या मधेमधे लाकडी तुळया घालून बांधलेला. तो कधीतरी जळाला आणि आग इतकी भयंकर होती की दगडच वितळले, काळपट काचेसारखे होऊन चिक्कीतल्या दाण्यांसारखे एकमेकांना चिकटून बसले. हे शत्रूने केलं, अपघाताने झालं की मुद्दाम जाळलं, यावर अजूनही भांडणं आहेत, पण 1937 मध्ये पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी असाच तट बांधून पेटवून दाखवला होता आणि दगड खरंच वितळले होते.

त्यानंतर काहीशे वर्षांनी पिक्ट लोक, म्हणजे उत्तर स्कॉटलंडमधले तेव्हाचे रहिवासी, या टेकडीवर आले नि त्याच जळक्या तटाच्या आधाराने राहिले. इथे 1970 च्या दशकात खणलं तेव्हा पश्चिम फ्रान्सकडून आलेल्या मडक्यांची खापरं मिळाली, टांगत्या भांड्याची शोभेची पट्टी ओतायचा साचा मिळाला, म्हणजे समुद्रापारचा माल इथपर्यंत येत होता आणि धातूचं नाजूक कामही चालायचं. आयर्लंडहून आलेला ख्रिस्ती संत कोलंबा 565 च्या सुमाराला पिक्टांचा राजा ब्रिडेईला भेटायला आला, गडाचं दार बंद होतं, त्याने क्रॉसची खूण केली आणि दार आपोआप उघडलं, अशी गोष्ट आहे. तो गड हाच असं इथे बरेच जण मानतात, पण आसपासच्या दुसऱ्या जागांचीही नावं घेतली जातात.

तर आम्ही वर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते, त्याआधी उजाडतच नाही, आणि चार वाजता परत अंधार. आतल्या तटावरचा मोठा पाइन मुळांसकट उलटला होता, मुळांचा गड्डा माणसापेक्षा उंच उभा होता आणि त्या मुळांच्या पकडीत वितळलेले काळे दगड अडकलेले, अक्षरशः तटाचा घास घेऊन झाड पडलं होतं. खाली जो खड्डा झाला त्यात तटाचा उभा छेद उघडा पडलेला. 2015 मध्येही असंच झाड पडून तट उखडला होता आणि मग तिथे खणल्यावर पाचव्या-सहाव्या शतकात जुन्या तटाच्या माथ्यावर लाकडी कुंपण उभारल्याचा पुरावा मिळाला, त्यामुळे आमच्यासोबत आलेली पुरातत्त्ववाली बाई त्या खड्ड्याकडे बघून एकदम गप्प झाली नि मग भराभर बॅग उघडायला लागली.

पण मी तिला थांबवलं. कारण असं उन्मळलेलं झाड फार फसवं असतं, खोडाचं वजन गड्ड्याला उभं धरून ठेवतं, खोड कापलं की तो गड्डा एका क्षणात धाडकन परत खड्ड्यात बसतो. अशाने माणसं गेलीत. आणि तो तसा बसला असता तर उघडा पडलेला छेदही चिरडला असता.

ती म्हणाली, "मला दोन तास हवेत, मिळतील का?" मी म्हटलं, "आधी हा गड्डा बांधतो, मग तू आत उतर."

मशीन वर आणता येत नाही, ही संरक्षित जागा आहे, 1979 च्या कायद्याने परवानगीशिवाय एक फावडंसुद्धा मारता येत नाही. मग हातविंच, म्हणजे हाताने चालवायचं दोर ताणायचं यंत्र, खांद्यावरून वर नेली, तटापासून लांबच्या दोन झाडांना पट्टे बांधले, गड्डा मागून ताणून धरला, खालून लाकडी टेकू दिले. यात सकाळ गेली. मग ती खाली उतरली, छेद ब्रशने साफ केला, फोटो, मोजमाप, आणि तटाच्या न हललेल्या थरातून कोळशाचे तुकडे वेगळ्या पिशव्यांत भरले. मुळांत अडकलेला कोळसा तर ढिगाने होता, तो का नाही घेत विचारलं, तर म्हणाली मुळांनी तो कुठल्या थरातून ओढलाय ते कळत नाही, त्याचं वय काढूनही तटाबद्दल काही सांगता येणार नाही. मुळांतली माती मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून चाळली, काचेसारख्या झालेल्या दगडांपैकी एकही खिशात गेला नाही, सगळे मोजून तिच्याकडे.

अडीचला ती बाहेर आली. मग मी खोड कापलं, विंच एकेक दात सोडत गड्डा हळूहळू खाली बसवला, जवळजवळ जिथून उठला होता तिथेच. बुंधा उपटायचा नाही, तो जागीच कुजू द्यायचा, कारण उपटला तर उरलासुरला तटही बरोबर येतो. आपल्याकडे किल्ल्यांच्या तटातून पिंपळ, उंबर ओढून काढताना बघितलंय मी, चिऱ्यांसकट, आणि हे काम केल्यापासून ते बघवत नाही मला.

झाडं तोडायला लोकांचा विरोध असतो, तो मला समजतो, मी स्वतः झाडांच्या प्रेमापायी या धंद्यात आलो. पण तटावरचं मोठं झाड आज ना उद्या वाऱ्याने पडणारच, आणि पडताना तट घेऊन पडणार. त्यापेक्षा ते उभं असतानाच वरून उतरवावं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तसं मी त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये लिहून दिलं. बाहेरच्या तटावर कललेले दोन पाइन अजून आहेत, त्यांच्यावर खुणा करून आलोय, परवानगी आली की पुढच्या वादळांच्या आधी ते खाली आणायचेत.