जिन्याखालची लायब्ररी : पावसाळ्याचा हिशोब

मंडळी, जूननंतर अपडेट टाकलाच नाही, सॉरी, पण पावसाळाच असा गेला की कपाटं सांभाळू की लिहीत बसू असं झालेलं. आता ऊन पडलंय, पुस्तकं गच्चीवरच्या खोलीतनं परत खाली आलीयेत, तर सगळं एकदमच सांगते.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. आम्ही वाईला राहतो, तीन मजल्यांची जुनी बिल्डिंग, जिन्याखाली मोडक्या सायकली आणि कुणाची तरी बंद पडलेली घरघंटी असायची, तिथे २०१६ ला मी दोन लोखंडी कपाटं ठेवली. आज ६४० पुस्तकं आहेत, दिवाळी अंक त्यात धरलेले नाहीत कारण ते मोजायला कधी जागेवर सापडतच नाहीत. फी नाही, डिपॉझिट नाही, कुलूप नाही. सुरुवातीला नंबर घालायचा शहाणपणा केला होता, विषयावरनं पुस्तकांना आकडे द्यायची ड्युई पद्धत का काय ती, पण मराठी साहित्य म्हटलं की कादंबरी असो, कविता असो, नाटक असो, सगळ्यांची सुरुवात ८९१.४६ पासनंच, चाळीसेक पुस्तकांना तेच तेच लिहून हात दुखला आणि सोडून दिलं. आता रंगीत टिकल्या. लाल म्हणजे रहस्य आणि भुताखेताचं, हिरवी म्हणजे प्रवास, पिवळी म्हणजे "रडू येईल, तयारीनं घ्या".

हे खूळ आलं कुठनं असं मागच्या वेळी एकानं विचारलेलं. घरातनंच. अण्णा शनिवारी लायब्ररीतनं एक पुस्तक आणायचे, एकच, आणि वाचणारे आम्ही चार जण, सात दिवसांत सगळ्यांचं झालं पाहिजे. म्हणून प्रत्येकाची खूण वेगळी. अण्णांचं एसटीचं तिकीट, आईची लोकर, दादाची काडेपेटीची पट्टी आणि माझं मोरपीस. दुपारी आम्ही शाळेत, त्यामुळे आईची लोकर नेहमी सगळ्यांच्या पुढे असायची आणि रात्री भाकरी वाढता वाढता ती बिनदिक्कत सांगून टाकायची की खून दिवाणजीनंच केलाय. दादा तर एकदा ताटावरनं उठला होता.

असो. तर जुलैत कृष्णेला पाणी चढलं, ढोल्या गणपतीच्या देवळाला पाणी लागलं म्हणून सगळे घाटावर बघायला गेलेले आणि इकडे आमच्या जिन्याखालच्या भिंतीतनं पाझर. नदीचा काही संबंध नाही, वरच्या ड्रेनेजचा पाइप फुटलेला. खालच्या दोन फळ्या गेल्या. ५३ पुस्तकं ओली, त्यातली १४ ग्लेझ कागदाची, त्यांची पानं एकमेकांना अशी चिकटली की वीट झाली, ती सुटणार नाहीत. विश्वकोशाचे दोन खंडही भिजले आणि त्याचं जास्त लागलं, जिथे मराठी विश्वकोश तयार झाला त्या वाईत राहून तो भिजवायचा म्हणजे काय! पण ते जाड कागदाचे दणकट गडी, वाचले.

आता कामाचं. ओलं पुस्तक उन्हात ठेवू नका, पुठ्ठा पापडासारखा वळतो. उभं करायचं, पानं पंख्यासारखी पसरायची, दर वीस-पंचवीस पानांत कोरा कागद घालायचा (वर्तमानपत्र नको, शाई उतरते) आणि खोलीतला पंखा चालू. दर दोन तासांनी कागद बदलायचे. मी पहिल्या रात्री आळस केला आणि सकाळी तीन पुस्तकांना काळी बुरशी.

आणि खळ, म्हणजे पुस्तकं चिकटवायची! गेल्या वेळी सगळ्यांनी फेव्हिकॉलच सांगितला होता, पण जुन्या पिवळ्या कागदाला तो फार कडक होतो, पुस्तक उघडलं की शेजारचं पान फाटतं. इथल्या एका म्हाताऱ्या बाइंडरकाकांकडे जाऊन शिकले. दोन चमचे मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहता कामा नये, मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाली की उतरवायची. चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, तेव्हा भांडं आणि चमचा कायमचा वेगळा, आमच्याकडे एक दूधपातेलं त्यात शहीद झालं. मग कण्याला मांजरपाटाची पट्टी लावायची, आतनं बटर पेपर घालायचा आणि रात्रभर पाट्याखाली. पाटा आता वाटायला कोण वापरतंय, निदान या कामी आला. आजवर २१ पुस्तकं उभी केलीत. पहिल्या चारांचे कणे वाकडे आहेत, काकांनी बघितलं, काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसला.

आता मुख्य मुद्दा, नेलेली आणि परत न येणारी पुस्तकं. तुम्हाला माहितीये मी यावर किती रडलेय. आधी रजिस्टर केलं, मग फोन, मग दरवाज्यावर नावांची यादी लावली, त्यानं दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी चार महिने बोलत नव्हत्या. शेवटी जानेवारीत रजिस्टर बंद केलं आणि प्रत्येक पुस्तकात मागच्या पुठ्ठ्याला पाकीट चिकटवून एक कार्ड ठेवलं. नाव, महिना आणि वाटलं तर एक ओळ. तारीख नाही, दंड नाही.

ऑगस्टमध्ये एक पुस्तक आलं, लाल टिकलीचं, फेब्रुवारीत गेलेलं, मी मनातनं सोडून दिलेलं. कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं, मे महिना, अक्षय्य तृतीयेच्या चौकटीवर दुधाचा हिशोब. कार्डावर सात नावं! मी दिलं होतं एकाच बाईंना. त्यांनी जावेला दिलं, जावेनं भाचीला, भाचीच्या हॉस्टेलवर तीन मुली, शेवटी भोरचे कुणीतरी काका, ज्यांनी नुसतं लिहिलंय, "पान ११२ वर कळले. तरी वाचले." मी पायरीवर बसून हसले आणि आईची आठवण आली.

म्हणजे एवढी वर्षं मी ज्याला "परस्पर देऊ नका हं" म्हणून ओरडत होते तेच तर चाललेलं. मग कार्डं नीट बसून मोजली. जानेवारीपासून परत आलेली १८८ पुस्तकं, त्यातली ६७ परस्पर कुणाकडे तरी जाऊन आलेली. अजून बाहेर आहेत ती ९२. ही ९२ मी पूर्वी "गेली" या खात्यात टाकली असती. काही खरंच गेली असतील, एक तर मला रद्दीवाल्याकडे दिसलं, वीस रुपये देऊन सोडवून आणलं. ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथनांनी १९३१ ला पहिलाच नियम लिहून ठेवलाय, पुस्तकं वापरासाठी असतात, ते मला पाठ होतं पण माझं डोकं मालकिणीचं होतं.

पेन्सिलीनं खुणा करणारे आजोबा मात्र अजून माफ नाहीत. प्रत्येक पानावर शुद्धलेखन दुरुस्त करतात. आणि बरोबर असतं हो, हेच दुखणं.

सप्टेंबरमध्ये आम्ही अकरा जण एसटीनं भिलारला जाऊन आलो, पसरणी घाट, पाचगणी, तिथनं पुढे. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं तेव्हापासनं जायचं जायचं चाललेलं, एवढं जवळ असून. लोकांच्या घरात कपाटं, आपण चपला काढून आत जायचं आणि बसून वाचायचं. आमच्यातल्या दोघी कवितांच्या घरात शिरल्या आणि परतीच्या गाडीला शोधून आणाव्या लागल्या. कपाटं भिंतीपासनं चांगली वीतभर पुढे ठेवायची हे मी तिथनं ठरवून आले, आल्या आल्या आमचीही ओढून घेतली, खाली विटा.

आता १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, तोपर्यंत उरलेली १८ पुस्तकं बांधून व्हायची आहेत. वेखंडाच्या पुरचुंड्या करून ठेवल्यात, फळीला दोन पुरतात का चार, कुणी करून बघितलंय का? आणि दिवाळी अंकांना कार्ड लावू की नको, तेही सांगा. वहिनी म्हणतायत नको. हो, बोलायला लागल्यात.