आमची वाटचाल : काटा, कापूस आणि १०२४

वणीत गाळा घेतला तेव्हा भांडवल म्हणजे एक जुना संगणक, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि माझा मावसभाऊ. धंदा जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या, वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचा. गाडी काट्यावर चढली की वजन आमच्या सर्व्हरवर, तिकडून काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती. पहिली वर्षं बरी गेली.

मग तो डिसेंबर आला. कापसाची आवक जोरात, गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग, अन् सर्व्हर नवं कनेक्शनच घेईना. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, एकच ओळ, 'टू मेनी ओपन फाइल्स', उघड्या फाइली फार झाल्या. सर्व्हरवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या हिशेबी सॉकेट, म्हणजे प्रत्येक कनेक्शनचं टोक, तेही फाइलच, आणि एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, मूळ मुभा १०२४ ची. आमचे काटे मोजून १८०!

लिमिट्स.कॉन्फ या मर्यादांच्या फाइलीत ६५५३५ टाकलं. मर्यादा दाखवणारी यूलिमिट कमांड ६५५३५ दाखवायची, सर्व्हर पुन्हा तिथंच अडायचा. दोन दिवस यातच गेले. ती फाइल लॉगिन करणाऱ्यांसाठी. सिस्टमडीनं, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या प्रोग्रामनं, उठवलेली सर्व्हिस तिला विचारतही नाही. प्रोक या फोल्डरात लिनक्स चालू प्रोसेसची माहिती दाखवतं; तिथं आमच्या प्रोसेसचं लिमिट्स उघडलं, तर १०२४ जसंच्या तसं. सर्व्हिसच्या युनिट फाइलीत, म्हणजे सिस्टमडीच्या सेटिंगच्या फाइलीत, लिमिट-नो-फाइल ही फाइलींची मर्यादा वाढवली, डीमन-रीलोडनं सिस्टमडीला ती पुन्हा वाचायला लावली, रिस्टार्ट, अन् गाडी सुटली. राजेहो, आधी चालू प्रोसेस पाहत जा, मग बदला. फाइल-मॅक्सला उगाच हात लावू नका. ती अख्ख्या मशीनची मर्यादा, आम्ही तिच्या आसपासही नव्हतो.

तरी उघड्या कनेक्शनांचा आकडा चढतच होता. लोडशेडिंग! लाइट गेली की काटा निरोप न देताच मरतो, लाइट आली की नवं कनेक्शन धरतो. जुनं सर्व्हरवर तसंच उघडं. चूक माझी, कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा जिवंत आहे का हे अधूनमधून तपासणं, लावलाच नव्हता. लावला, पण लिनक्सचा मूळ वेळ ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास. तो ६० वर आणला तेव्हा जीव भांड्यात पडला.

तोवर नागपूरचा एक स्पर्धक आमच्या गिऱ्हाइकांच्या दारोदार, 'त्यांचं मशीन लहान आहे, आमचं घ्या.' अकरा जिनिंग गेल्या. मशीन लहान नव्हतं हो!

पांढरकवड्याकडचे काकाजी मात्र हलले नाहीत. कार्बन लावून हातानं पट्ट्या फाडल्या. फोनवर म्हणाले, "तू पाय निवांत, कागदावर घेतो मी." तिसऱ्या दिवशी सरकीच्या पिशवीत २१४ पट्ट्या आल्या, कापसाच्या तंतूंसकट. बायकोनं आणि मी रात्री दोनपर्यंत संगणकात भरल्या. एकीवर वजन खोडून पुन्हा लिहिलेलं होतं, म्हणून सकाळी विचारलं. काकाजी म्हणाले, "शेतकऱ्यानं दाखवली चूक. त्याचंच बरोबर होतं."