दोन पानांचं प्रपोजल

‘सामान्य सापेक्षता आणि क्वांटम सिद्धांत यांचा मेळ घालून गुरुत्वाकर्षणाचं अंतिम स्वरूप शोधणं, हे माझ्या संशोधनाचं उद्दिष्ट आहे.’ संशोधनाच्या प्रपोजलचा मसुदा इंग्रजीत होता, त्याच्या पहिल्या वाक्याचा अर्थ हा असा. लिहिणारी माझी विद्यार्थिनी, नुकतीच एमएससी झालेली, चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातली. युरोपातल्या एका विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्रातल्या पीएचडीसाठी तिला अर्ज करायचा होता आणि मुदत त्याच रात्री संपत होती. तिकडची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार, एवढीच काय ती सवलत.

रविवार होता. लॅबच्या मामांनी घरून येऊन कुलूप उघडून दिलं. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे ती सकाळी घरचं आटोपून, मिळेल त्या गाडीने आली होती. आल्या आल्या तिने ती पानं माझ्यापुढे ठेवली.

आपल्याकडे पीएचडीची वाट बहुतेक परीक्षांमधून जाते. जेस्ट, गेट नाहीतर नेट द्यायची, मग मुलाखत, तिथे फळ्यासमोर उभं राहून गणितं सोडवायची. आमची मुलं त्याची तयारी जीव तोडून करतात. दिलेला प्रश्न ती सोडवतात. प्रश्न स्वतः मांडायची वेळ मात्र त्यांच्यावर एमएससीपर्यंत कोणी येऊच देत नाही, आणि मग अचानक कुणीतरी म्हणतं, दोन पानांत सांग तुला काय शोधायचंय. अशा वेळी मुलं सगळ्यात मोठं वाक्य उचलतात. मोठं वाक्य सुरक्षित वाटतं. पण अर्ज वाचणारा प्राध्यापक त्या वाक्यावर थांबतसुद्धा नाही, कारण त्यात उद्या सकाळी उठून करण्यासारखं काहीच नसतं.

मी तिला विचारलं, “यातलं तू स्वतःच्या हाताने काय केलंयस?”

ती गप्प राहिली. मग पिशवीतून फुलस्केप वही काढली. “मॅडम, प्रोजेक्टचं गणित आहे. पण ते जुनंच आहे, सगळ्यांना माहीत असलेलं. ते कसं लिहू?”

वहीत कृष्णविवराच्या कंपनांचं गणित होतं. कृष्णविवराला धक्का बसला की ते घंटेसारखं घुमतं आणि तो नाद विरत जातो. १९७० साली भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी गणिताने हे दाखवलं. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने पहिल्यांदा गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाशकालातले तरंग, पकडल्या, तेव्हा दोन कृष्णविवरं एक झाल्यानंतरचा तो शेवटचा विरता नादही त्या नोंदीत होता, साधारण अडीचशे हर्ट्झचा, काही मिलिसेकंदांत संपणारा. या नादाची वारंवारता आणि विरण्याचा वेग यांना क्वासीनॉर्मल मोड म्हणतात. त्यावरून कृष्णविवराचं वस्तुमान आणि फिरकी काढता येते.

तिने सगळ्यात साधं, न फिरणारं कृष्णविवर घेतलं होतं. त्याच्याभोवती लहरीला एक अडसर लागतो, टेकडीसारखा उंचावून उतरणारा. त्याचं शिखर कुठे आहे ते आधी काढावं लागतं. वस्तुमान भागिले अंतर याला क्ष म्हटलं, तर मुख्य मोडसाठी सगळं आटून एवढंच उरतं: ८क्ष² − ९क्ष + २ = ०. दहावीच्या मुलाला सुटेल असं वर्गसमीकरण. शिखर येतं वस्तुमानाच्या ३.२८ पट अंतरावर (या गणितात वस्तुमानही लांबीच्याच एककात मोजतात). तिच्या वहीत ही पायरी पेन्सिलीने खोडून पुन्हा पुन्हा केलेली दिसत होती, आणि खाली चौकटीत उत्तर. ते पान मी बराच वेळ पाहत राहिले. आधीच्या दोन पानी मसुद्यात ही मुलगी मला कुठे सापडलीच नव्हती, इथे ओळीओळीत होती.

पुढचं गणित डब्ल्यूकेबी या, टप्प्याटप्प्याने अंदाज सुधारत नेणाऱ्या पद्धतीचं. तिसऱ्या क्रमापर्यंत जायचं तर शिखरापाशी त्या अडसराची सहाव्या पायरीपर्यंत विकलनं लागतात. ते हाताने करण्यात अर्थ नाही, म्हणून तिने पायथॉनमध्ये लिहिलं होतं. मी म्हटलं, “आत्ता चालव.” उत्तर आलं: वास्तव भाग, म्हणजे वारंवारता, ०.३७३२, आणि काल्पनिक भाग, म्हणजे विरण्याचा वेग, उणे ०.०८९२. तिने ताडून बघायला १९८५ सालचा लीव्हर यांचा पेपर उघडला, कारण अचूक आकड्यांसाठी सगळे तिकडेच जातात. तिथल्या तक्त्यात होतं ०.७४७३ आणि उणे ०.१७७९.

तिचा चेहरा उतरला. “मॅडम, सगळं चुकलंय. आता काय पाठवणार?” प्रोजेक्टच्या वेळी तिने पाठ्यपुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहिलं होतं, मूळ पेपर आज पहिल्यांदा उघडत होती. आकडे का जुळत नाहीत ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मी बोलले नाही. अशा वेळी सांगून टाकणं म्हणजे तिच्या ताटातला घास उचलणं. मी चहा सांगायला बाहेर गेले.

परत आले तर ती वहीवर भागाकार करत होती. एक आकडा भागिले दुसरा, दोन. काल्पनिक भागांचाही भागाकार, जवळजवळ दोन. मग पेपरची सुरुवातीची पानं पुन्हा वाचली आणि टेबलावर थाप मारली. “त्यांनी दोन एम बरोबर एक धरलंय! मी एम बरोबर एक धरलाय!” एम म्हणजे कृष्णविवराचं वस्तुमान. म्हणजे नुसता एककांचा फरक. लीव्हर यांचा आकडा तिच्या एककांत आणला की ०.३७३७ येतो. तिची पद्धत अंदाजाची असूनही फरक चौथ्या दशांश स्थळी. मग तिने आपणहून दहा सूर्यांच्या वस्तुमानाला तो आकडा लावून बघितला: बाराशे हर्ट्झच्या आसपास, अर्ध्या मिलिसेकंदात विरणारा. माणसाला ऐकू येणारी वारंवारता आहे, हे ती दोनदा म्हणाली.

मी तिला तिथेच थांबवलं. “हेच प्रपोजलचं पहिलं पान. आता सांग, या गणितात तू कुठली गोष्ट खरी धरलीस, जी खरी नसू शकते?”

यावर ती फार विचार करत बसली नाही. “वस्तुमान बदलत नाही असं धरलं.” कृष्णविवर आजूबाजूचं द्रव्य किंवा प्रारण (रेडिएशन) गिळत असेल, तर घुमत असतानाच त्याचं वस्तुमान वाढतं. वस्तुमान बदलणाऱ्या अशा विवराची भूमिती आपल्याकडे तयार आहे. प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली प्रारण बाहेर टाकणाऱ्या ताऱ्यासाठी ती मांडली, आणि तीच भूमिती उलट दिशेने, आत पडणाऱ्या प्रारणासाठीही वापरतात. एमएससीला या भूमितीचं, वैद्य मेट्रिकचं, नाव मी वर्गात घेते, पण परीक्षेला येत नाही म्हणून मुलं ते पान उलटतात. हिने उलटलं नव्हतं.

दुपारी तिने आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा आम्ही तिघांनी, मामांसकट, खाल्ला. त्यानंतर तिला अर्काइव्हवर, शोधनिबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर, एक पेपर सापडला: वैद्य मेट्रिकचे क्वासीनॉर्मल मोड, २००६, ब्राझीलमधल्या तिघांचा. “झालेलंच आहे मॅडम,” ती म्हणाली, आणि लॅपटॉप मिटायला निघाली.

माझ्या मते दिवसाचा खरा कस इथे लागला. आपला प्रश्न आधीच कुणीतरी घेतलाय हे कळणं ही नव्या संशोधकासाठी चांगली बातमी असते. प्रश्न वेडगळ नाही, एवढं त्यातून कळतं. पुढचं काम एकच, ते लोक कुठवर गेले ते बोट ठेवून शोधायचं. आम्ही तो पेपर ओळीओळीने वाचला. त्यांनी अदिश (स्केलर, सगळ्यात साधं) आणि विद्युतचुंबकीय अशी क्षेत्रं घेतली होती, गुरुत्वीय नाही. वस्तुमान झपाट्याने बदललं तर वारंवारता लगेच त्याच्या मागे जात नाही, मागे रेंगाळते, जडत्व असल्यासारखी, हे त्यांचं निरीक्षण. ती त्या वाक्यापाशी थांबली. “मग मोजणाऱ्याने वस्तुमान स्थिर आहे असं समजून नादावरून वस्तुमान काढलं, तर त्याचं उत्तर किती चुकेल?”

हा तिचा प्रश्न. कागदावर मावणारा, चूक की बरोबर ते तपासता येणारा.

संध्याकाळी तिचे वडील मोटारसायकल घेऊन आले. दारातूनच म्हणाले, “मॅडम, कितला येळ लागी आजून?” वेळ लागेल म्हटल्यावर ते मामांबरोबर व्हरांड्यात बसले, कापसाच्या भावाबिवाचं बोलत. एकदाही आत डोकावले नाहीत. शेतातून थकून आलेल्या माणसाचं हे बसून राहणं मला फार मोलाचं वाटलं.

लिहायला मग वेळ लागला नाही. पहिल्या परिच्छेदात प्रश्न. मग तिचा स्वतःचा आकडा, लीव्हर यांच्या आकड्याशेजारी, एककांच्या नोंदीसह. मग २००६ चा पेपर कुठे थांबतो ते. पहिल्या सहा महिन्यांत काय: अदिश क्षेत्राचं गणित जाळीवर, म्हणजे अवकाश-काळाचे ठिपके पाडून संगणकावर, पुन्हा करून त्यांचे निकाल पडताळणं. त्यानंतर गुरुत्वीय क्षोभ, म्हणजे खुद्द गुरुत्वलहरींचं गणित. ते समीकरण वैद्य भूमितीत सुटसुटीत झालं नाही तर काय, हेही लिहिलं: वस्तुमान फार हळू बदलतंय असं धरून पायरीपायरीने पुढे जायचं. ही अडचणीची ओळ काढू का, असं तिने विचारलं. मी काढू दिली नाही. वाचणाऱ्याला ती अडचण दिसणारच असते. विद्यार्थ्याला ती आधी दिसली, तर तो पुढे वाचतो. शेवटी ज्यांच्याकडे काम करायचंय त्यांच्या कोणत्या पेपरशी हे जुळतं, ते दोन वाक्यांत. क्वांटम गुरुत्वाचं पहिलं वाक्य तिने स्वतःच खोडलं.

पहाटेची वाट बघावी लागली नाही. साडेदहाच्या सुमारास अर्ज गेला आणि बापलेक तापीकाठच्या रस्त्याने घरी गेले.

तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. पहिलाच प्रश्न होता, वस्तुमान किती हळू बदललं म्हणजे ‘हळू’ म्हणायचं? तिने सांगितलं, नाद विरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात वस्तुमानात नगण्य फरक पडला पाहिजे. आणि मग फळ्यावर ते गुणोत्तर लिहून दाखवलं. निकाल अजून यायचाय. दरम्यान तिने जाळीवरचं गणित सुरू केलंय. परवा तिचा फोन आला होता, कृष्णविवराच्या क्षितिजाजवळ, म्हणजे त्याच्या कडेशी, जाळी विरळ पडते म्हणून. या आठवड्यात आम्ही दोघी त्यावर बसणार आहोत.