बांधाखालची राखाडी रेघ

वेल्सच्या सीमेवर, नायटन गावाच्या उत्तरेला ऑफाचा बांध, म्हणजे शेजारी खंदक असलेला मातीचा जुना लांबलचक तट, टेकडीवर चढतो. तिथे सशांनी पोखरल्यामुळे बांधाची एक बाजू ढासळली होती. ती बुजवण्याआधी उघड्या पडलेल्या छेदाची नोंद घ्यायला आम्हाला एकच दिवस मिळाला. वास्तू संरक्षित, म्हणून परवानगीही तेवढ्याच कामाची: नवीन काही खणायचं नाही.

मर्सिया या जुन्या इंग्रजी राज्याचा राजा ऑफा (कारकीर्द ७५७–७९६) याने बांध घातला, हे अ‍ॅसर या वेल्श धर्मगुरूने लिहिलं ते ८९३ साली, म्हणजे शंभर वर्षांनी. म्हणून मातीचीच साक्ष काढावी लागते.

थापीने छेद खरवडला, पाण्याचा फवारा मारला, आणि तळाशी बोटभर जाडीची राखाडी रेघ उमटली. बांध घालण्याआधीची जमीन ती हीच. वरची माती पश्चिमेच्या खंदकातली, टोपल्यांनी उपसून ओतलेली. तिच्यातल्या कणांना ऊन पुरेसं लागलेलंच नसतं, त्यामुळे ल्युमिनेसन्स पद्धतीने (कणांना शेवटचं ऊन लागून किती काळ झाला, ते ती मोजते) काढलेलं वय खऱ्यापेक्षा जास्त येतं. नमुना घ्यायचा तो रेघेतून, आणि जमलं तर खंदकाच्या तळाच्या गाळातून. एक बांधाच्या आधीचा, दुसरा नंतरचा. खंदक आमच्या परवानगीत नव्हता, तेव्हा अर्धंच काम.

नमुन्याची पोलादी नळी २५ सेंमी लांब. एक तोंड काळ्या प्लास्टिकने बंद करून आत ठोकायची. पहिली नळी दगडाला अडली, वाकडी झाली, काढली तर अर्धी रिकामी. असली नळी टाकूनच द्यायची: आतली माती हलते, टोकाचे उजेड लागलेले कण मधल्यांत मिसळतात. ४० सेंमी बाजूला सरकलो, कारण सशाचं जुनं बीळही तिथेच होतं, आणि बिळातली माती वरून आलेली. वयाच्या हिशेबात आसपासच्या मातीतून कणांवर पडणारे गॅमा किरणही धरावे लागतात; ते साधारण ३० सेंमीवरून पोचतात, त्यामुळे आजूबाजूचा दगड किंवा पोकळीही हिशेब बिघडवते. म्हणून नळीच्या भोकात गॅमा मोजणी केली. ओलाव्यासाठी वेगळी पिशवी भरली. ती विसरणारे खूप, आणि मग वयाचा आकडा डळमळतो.

दुपारी पाऊस आला. छेदाचं १:१० चं चित्र ताडपत्रीखाली पुरं केलं.

बुजवताना आधी जिओटेक्स्टाइल (माती धरून ठेवणारं कापड), मग १५ सेंमीच्या थरांनी माती धुम्मस करत, वर मुळांमातीसकट कापलेले गवताचे तुकडे लाकडी खुंट्यांनी पक्के. गवत रुजेपर्यंत मेंढ्यांना अडवायला कुंपण हवंच, पण त्याचे खांब बांधावर ठोकता येत नाहीत, ते खंदकापलीकडे.