एएमसी कुणाकडे?

मी कोलंबसमध्ये वास्तुसहलींची गाइड आहे. कोलंबस म्हणजे इंडियानातलं, ओहायोतलं नव्हे; हे भारतातल्या नातेवाइकांना दर फोनला सांगावं लागतं. आमचे पर्यटक दोन जातींचे. आर्किटेक्ट मंडळी स्केचबुक काढून मागे रेंगाळतात आणि बसचं वेळापत्रक बिघडवतात. बाकीचे विचारतात, "यात ऐतिहासिक काय?" गावात सात वास्तूंना 'राष्ट्रीय ऐतिहासिक' दर्जा आहे आणि मी त्यांना दाखवते १९५४ची काचेची बँक!

त्या शनिवारी गटात पुण्याचे एक काका होते. किर्लोस्कर कमिन्सच्या काळापासून कोथरूडच्या इंजिनांच्या कारखान्यात, परचेसमध्ये. आता मुलगा कमिन्सच्या इथल्या मुख्यालयात.

वाचनालयापाशी मी सगळ्यांना मुद्दाम एका जागी उभं करते. तिथून शिल्पकार हेन्री मूरच्या ब्राँझ कमानीतून रस्त्यापलीकडचं, आर्किटेक्ट एलिएल सारिननचं १९४२चं चर्च दिसतं. दर्शनी भिंतीवरचा क्रूस मधोमध नाही आणि मनोराही एका बाजूला. दोन पावलं इकडेतिकडे झाली की गंमत गेली, पण लोकांना कमानीखाली सेल्फी हवा असतो.

मग चार नंबरचं अग्निशमन केंद्र. हे माझं लाडकं. आर्किटेक्ट रॉबर्ट व्हेंचुरीने १९६८मध्ये मधोमध अर्धगोल मनोरा उभा केला, त्यावर भला मोठा आकडा ४. लोकांना तो शोभेचा वाटतो. प्रत्यक्षात बंबाचे ओले होज आत उभे टांगून वाळवायला ती उंची लागते. एका बाजूला गाड्या, दुसऱ्या बाजूला जवानांच्या खोल्या.

तिथेच मी फीची गोष्ट सांगते. कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी ठरवलं, की गावाने कंपनीच्या प्रतिष्ठानच्या यादीतला आर्किटेक्ट निवडला तर त्याची फी प्रतिष्ठान देईल. बांधकामाचा खर्च मात्र गावाचा. १९५७च्या शाळेपासून हे सुरू झालं. यावर लोक हमखास "वा!" म्हणतात.

काका म्हणाले, "फी त्यांची, बांधकाम गावाचं. आणि एएमसी?"

बाकी गट माझ्याकडे बघत राहिला. मी इंग्रजीत समजावलं, की काका वार्षिक देखभालीच्या कंत्राटाबद्दल विचारताहेत. एक आर्किटेक्ट बाई हसल्या. मला त्यांचा रागच आला. सपाट छपरं आणि मोठाल्या काचा आखायच्या आणि हा प्रश्न बाळबोध म्हणायचा!

"ज्याची वास्तू त्याच्याकडे," मी म्हटलं.

"म्हणजे सगळ्यात स्वस्त भाग कंपनीने उचलला," काका म्हणाले. "हुशार आहेत हो. आमच्याकडे पण असंच होतं."

पुढचा थांबा नॉर्थ ख्रिश्चन चर्च. एलिएलचा मुलगा एरो सारिनन याची शेवटची इमारत. तो १९६१मध्ये गेला, ही १९६४ला पूर्ण झाली. षट्कोनी, वर १९२ फुटांचा सुळका. भाविक घटत गेले आणि २०२२मध्ये चर्चची संस्थाच विसर्जित झाली. मग इमारत घ्यायला सार्वजनिक वाचनालय पुढे आलं. म्हणजे एएमसी फिरून गावाकडेच. काकांनी सुळक्याकडे बघत विचारलं, "वर चढतं कोण?"

संध्याकाळी मी हे ऑफिसात सांगितलं. उत्तर आलं, सहल डिझाइनची आहे, देखभालीची नाही. मला पटलेलं नाही. मिलरांबद्दलचा माझा आदर कमी झालेला नाही. फी नसती तर इथेही चार भिंती आणि पत्रेच उभे राहिले असते. पण हल्ली फीनंतर मी देखभालीचाही विषय काढते आणि प्रश्न तिथेच सगळ्यात जास्त येतात. बस उशिरा निघते, ड्रायव्हर कुरकुरतो.