आबांची तक्रार

नोव्हेंबर लागला की आमच्या ऑनलाइन सेंटरवर पेन्शनवाल्यांची रीघ लागते. हयातीचा दाखला काढायचा असतो. खानापूर तालुक्यात फौजी नाही असं गाव शोधावं लागेल. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, त्यामुळे मिसरूड फुटलं की पोरांनी भरतीसाठी पळायला लागायचं, ही इथली जुनी रीत. तेव्हा पळालेले आज ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांना सेंटरपर्यंत येणं झेपत नाही, त्यांच्या घरी मीच अंगठ्याचं मशीन घेऊन जाते.

2024 च्या नोव्हेंबरात अशीच जांबोटीच्या पुढे एका वाडीवर गेले होते. सुगीचे दिवस. घरची सगळी खळ्यावर, घरात फक्त आबा, आज्जी आणि कॉलेजला सुट्टी असलेला नातू. आबा सोप्यात खुर्चीवर बसलेले. डावा पाय गुडघ्याखाली नाही. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातून आणलेला पाय भिंतीला टेकवून ठेवला होता. त्या पायातल्या बुटाला पॉलिश होतं, नाडी नीट बांधलेली होती. सकाळी उठून एवढं काम आबा स्वतः करतात, कुणाला हात लावू देत नाहीत, असं आज्जी म्हणाली.

अंगठा काही उठेना. मग दुसरी बोटं लावून बघितली. विळा आणि खुरपं धरून धरून रेघा झिजलेल्या. हे आमच्याकडे रोजचंच आहे. अशा वेळी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढता येतो. पण मोबाइल वर काढला तर रेंज गायब. जंगलपट्टीतली गावं, रेंज गेली की बसून राहायचं.

"ताई, बसा की. आबांना एक पिच्चर दाखवायचा राहिलाय," नातू म्हणाला. त्यानं 'चंदू चॅम्पियन' डाउनलोड करून ठेवला होता. स्टुलावर तांब्या ठेवून त्याला मोबाइल टेकवला आणि आम्ही चौघं त्याच्यापुढे बसलो.

हा पिच्चर ज्यांच्या आयुष्यावर आहे, त्या मुरलीकांत पेटकरांचं नाव मला माहीत होतं. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातला माणूस, लष्करातला बॉक्सर. 1965 च्या युद्धात सियालकोट भागात अंगात गोळ्या घुसल्या, त्यातली एक मणक्यात राहिली आणि कमरेखालचं अंग गेलं. तोच माणूस पोहायला शिकला आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटरमध्ये त्यानं सुवर्णपदक काढलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. एवढं सगळं माहीत असूनही सिनेमाची सुरुवात बघून मला भरून आलं. पिकल्या केसांचे पेटकर पोलीस ठाण्यात येतात आणि म्हणतात, आजी-माजी राष्ट्रपतींवर तक्रार नोंदवायची आहे, मला अर्जुन पुरस्कार का दिला नाही? ठाण्यातली माणसं हसतात. म्हातारा हसत नाही. त्याला खरंच तक्रार द्यायची असते.

आबाही हसले नाहीत. "नोंदवून घ्यायला काय जातंय त्यांचं?" एवढंच बोलले.

लढाईचा भाग आला तेव्हा मी आबांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर फारसं काही दिसलं नाही. पण दवाखाना आला, पलंगावर निपचित पडलेला तरुण दिसला, तसे आबा खुर्चीत पुढे सरकले. नातवाला म्हणाले, "थांबीव जरा."

मग ते बोलायला लागले. आबा जंगी पलटणीतले, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनचे. 1971 च्या डिसेंबरात ही पलटण पूर्व पाकिस्तानात जमालपूरवर चालून गेली. ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पिछाडीला जाऊन बसली. 10 डिसेंबरच्या रात्री आतली बलुच पलटण वेढा फोडून निघायला बघत होती, ती मराठ्यांनी अडवली, आणि 11 तारखेला जमालपूर पडलं. आबांना मात्र यातलं काहीच बघायला मिळालं नाही. त्याच्या आधीच त्यांचा पाय सुरुंगावर पडला होता. शरण या म्हणून आपल्या ब्रिगेडियरनं चिठ्ठी धाडली आणि बलुच कर्नलनं उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून परत पाठवली, ही गोष्ट सगळी पलटण सांगते. आबांनी ती पुण्यात दवाखान्यातल्या खाटेवर ऐकली.

"ह्यात एक दाखवलं नाही," आबा म्हणाले. "रात्री पाय खाजतो. तोडलेला पाय. तळवा खाजतो, आणि हात खाली न्यावा तर तिथं चादर. सिस्टरला सांगायचं कसं? येडा म्हणंल."

"अजून होतंय काय, आबा?" नातवानं विचारलं.

"पावसाळ्यात होतंय की."

आज्जी भिंतीला टेकून ऐकत होती. इतकी वर्षं संसार केला, पण हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती तसं बोलूनही गेली. दर वर्षी या माणसाचा अंगठा घ्यायचा, पावती द्यायची आणि पुढच्या घराकडे निघायचं, एवढीच माझी-त्यांची ओळख होती. त्या दुपारी पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर निवांत बसून होते. डोळ्याला पदर लावायची वेळ आली आणि मी तो लावला.

पुढे पेटकर पाण्यात उतरले, पदक मिळालं, सिनेमा संपला. मधेच कधीतरी रेंज आली होती, पण उठावंसं वाटलं नव्हतं. मग आबांना दारातल्या उजेडात बसवून मोबाइल चेहऱ्यासमोर धरला. डोळ्यांची उघडझाप करा म्हटलं, त्यांनी केली, आणि दाखला निघाला.

मी पिशवी आवरत होते तेवढ्यात आबा म्हणाले, "पोरी, माझी बी एक तक्रार हाय. घेतीस लिहून?"

पेन्शनचे नियम मला पाठ आहेत. 80 वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50, आणि शंभरी गाठली तर मूळ पेन्शनइतकीच रक्कम वर. आबांना वाढ लागू झालेली नव्हती. आज्जीनं ट्रंक उघडली. डिस्चार्ज बुकात जन्मसाल 1943, आधारवर 1948. वाढ मिळायला हवी हे आबांना माहीत होतं.

"मग बोलला का नाही?"

"देशानं पाय जोडून दिला, दर महिन्याला पैसे देतोय. आणखी मागायचं म्हणजे हात पसरल्यागत वाटतंय. पण तो गेला की नाही ठाण्यात? हक्काचं होतं म्हणून गेला."

मी पुन्हा खाली बसले. आधारची दुरुस्ती आधी, पेन्शनच्या पोर्टलवर तक्रार नंतर, असा क्रम नातवाला समजावून दिला. डिस्चार्ज बुकाची पानं कोपऱ्यातून सुटत आली होती. आबांनी एकेक पान स्वतःच्या हातानं दाबून धरलं आणि मी फोटो काढले. खळ्यावरून सून आली, तिनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

जानेवारी 2025 मध्ये पेटकरांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार मिळाला. राष्ट्रपती भवनातला तो सोहळा मी मोबाइलवर बघितला आणि लगेच आबांच्या घरी फोन लावला. नातवानं स्पीकर सुरू केला.

"मिळाला? बेस झालं," आबा म्हणाले. "आणि आपलं काय?"

आधारची दुरुस्ती झाली होती. पोर्टलवर तक्रारीचा नंबरही पडला होता, आता पेन्शनच्या मूळ आदेशाची स्वच्छ प्रत मागितली होती. नातवाला मी तसं सांगितलं. पलीकडून ट्रंकेची कडी निघाल्याचा आवाज आला आणि आबा आज्जीला सांगत होते, "ती नव्हे, खालची पिशवी काढ."